या बाळाची आई कुठे आहे?



गेल्या महिन्यात आपल्या युवा गटातील एक मुलगी कार्यालयात आली. पदवीची परीक्षा झाली होती आणि नोकरीवर रुजू होण्याआधी तिच्याकडे तीन आठवडे मोकळे होते. या दिवसांत कंबोडियाला जाऊन एका अनाथालयातील मुलांना इंग्रजी शिकवायचे, असे तिने ठरवले होते. पाठवणाऱ्या संस्थेला धर्मगुरूंचे शिफारसपत्र हवे होते. "फादर, दोन ओळी लिहून द्या ना," ती म्हणाली.

मुलगी चांगली आहे. रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, आजारी आजीची सेवा करते. तिच्याविषयी दोन काय, दहा ओळी लिहायला मला अडचण नव्हती. तरीही मी पेन खाली ठेवले आणि तिला दोन दिवसांनी यायला सांगितले. असे का केले, ते तिला सांगितले आहे. तेच आज तुम्हा सर्वांना सांगावेसे वाटते, कारण अशी पत्रे मागायला आणखी मुले येणार आहेत. आपली मुले शिकली, परदेशी जाऊ लागली. प्रवासाबरोबर सेवाही घडावी असे त्यांना वाटते, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

माझ्या टेबलावरचा फोटो

आधी माझी स्वतःची गोष्ट सांगतो. २००७ सालच्या मे महिन्यात, मी सेमिनरीत ब्रदर असताना, आम्ही सहा जण नेपाळला गेलो होतो. गोरखपूरपर्यंत रेल्वेने, पुढे सोनौलीची सीमा ओलांडून बसने काठमांडू. तिथल्या एका बालगृहात आम्ही तीन आठवडे राहिलो. मुलांना गाणी शिकवली, भिंती रंगवल्या, फुटबॉल खेळलो. पहिल्याच दिवशी सहा-सात वर्षांचा एक मुलगा धावत आला आणि माझ्या कमरेला मिठी मारून "दाइ, दाइ" म्हणू लागला. दाइ म्हणजे मोठा भाऊ. पुढचे तीन आठवडे त्याने माझा हात सोडला नाही. देवाने मला इथे का पाठवले ते आपल्याला कळले, असे मी त्या रात्री डायरीत लिहिले.

निघायच्या दिवशी तो भेटायला आला नाही. मी शोधत गेलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. हाक मारली, पण त्याने मागे वळून पाहिले नाही. स्वयंपाकघरातील बाई तिथेच होत्या. त्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या की, दर वेळी असेच होते, दोन दिवसांनी नवे पाहुणे आले की तो पुन्हा हसू लागेल. मग त्यांनी हळूच आणखी एक गोष्ट सांगितली. त्या मुलाची आई जिवंत होती. दूर डोंगरातल्या हुम्ला जिल्ह्यात राहत होती आणि मुलगा शहरात चांगल्या शाळेत शिकतो आहे अशा समजुतीत होती. आम्हाला मात्र सगळी मुले अनाथ आहेत असे सांगण्यात आले होते.

मी काय केले? काही नाही. बस पकडायची होती. त्या मुलाबरोबर काढलेला फोटो पुढे पाच वर्षे माझ्या टेबलाच्या काचेखाली होता. त्यावर मी एकदा प्रवचनही दिले. त्याच्या आईचा विषय त्या प्रवचनात नव्हता.

निर्गम, अध्याय २

या आठवड्यात घरी बसून निर्गमच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या दहा ओव्या वाचा. गोष्ट आपल्या सर्वांना पाठ आहे. फारोच्या भीतीने एक इब्री आई आपल्या तान्ह्या बाळाला लव्हाळ्याच्या पेटीत घालून नदीकाठी ठेवते. फारोची मुलगी स्नानाला येते, रडणारे बाळ पाहते आणि तिला त्याची दया येते. ती श्रीमंत आहे, परक्या लोकांतली आहे, तिचे मन चांगले आहे. ती बाळाला सरळ राजवाड्यात घेऊन गेली असती तर कोणी तिला अडवले असते?

पण थोड्या अंतरावर बाळाची बहीण उभी आहे. परंपरेने आपण तिला मिर्याम मानतो. ती पुढे होऊन राजकन्येला विचारते की, बाळाला दूध पाजायला एखादी इब्री बाई बोलावून आणू का? राजकन्या हो म्हणते आणि मुलगी बाळाच्या सख्ख्या आईलाच घेऊन येते. पुढची गोष्ट आपण वाचताना सहसा ओलांडून जातो. राजकन्या त्या आईला बाळाला सांभाळण्याबद्दल वेतन द्यायचे कबूल करते. बाळ आईच्या कुशीत परत जाते आणि राजवाड्याचा पैसा आईच्या घरी येतो.

परक्या देशातील गरीब मुलाला मदत कशी करावी, याचा सगळा पाठ मला या दहा ओव्यांत दिसतो. राजकन्येची दया खरी होती. पण ती दया योग्य ठिकाणी पोहोचली ती मिर्यामने मध्ये येऊन आईची आठवण दिली म्हणून.

कंबोडियात काय घडले

आता ज्या देशात आपली मुलगी निघाली आहे तिथे जाऊ. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीत कंबोडियात लाखो माणसे मेली. असंख्य मुले खरोखरच पोरकी झाली. त्या काळानंतर अनाथालये निघाली ती गरजेपोटी. वर्षे गेली, शांतता आली. म्हणजे अनाथालये कमी व्हायला हवी होती. झाले उलटेच. २००५ ते २०१० या पाच वर्षांत त्यांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढून २६९ वर गेली. त्यांत जवळजवळ बारा हजार मुले राहत होती. युनिसेफच्या मदतीने पाहणी झाली तेव्हा दिसले की, दर चार मुलांपैकी तिघांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, जिवंत होते.

देशात पोरकी मुले वाढली नव्हती. पर्यटक वाढले होते. अंगकोर वाटचे मंदिर पाहायला लोक सिएम रीपला येत, मंदिराबरोबर अनाथालय पाहत, पैसे देत, आठवडाभर राहून शिकवत. मुले पाहुण्यांसमोर पारंपरिक नाच करून दाखवत. गरीब आईबापांना सांगितले जाई की, मुलाला इथे ठेवा, त्याला जेवण मिळेल, इंग्रजी येईल. कोणत्या आईला ते नको असेल? पाहुणे येत राहावेत म्हणून मुले हवी होती, आणि मुले हवीत म्हणून ती घरांतून आणली जात होती. काही ठिकाणी मुलांना मुद्दाम कळकट ठेवले जाई, कारण नीटनेटक्या मुलांपुढे पाकीट उघडत नाही. २०११ साली तिथल्या कार्यकर्त्यांना, मुले म्हणजे पर्यटनस्थळे नव्हेत, अशी मोहीम काढावी लागली. पुढे सरकारनेही मुलांना घरी परत पाठवण्याचे काम हाती घेतले.

नेपाळची कथा अशीच. १९९६ ते २००६ या यादवी युद्धाच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांत दलाल फिरत. मुलांना युद्धापासून वाचवतो, काठमांडूत शाळेत घालतो, असे सांगून ते आईबापांकडूनच पैसे घेत. त्यासाठी लोकांनी जमिनी विकल्या. कॉनर ग्रेनन नावाचा एक अमेरिकन तरुण २००४ साली काठमांडूजवळच्या एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून गेला. मुले अनाथ आहेत असे त्यालाही सांगण्यात आले होते. एके दिवशी दोन मुलांची आई दारात उभी राहिली आणि त्याचे डोळे उघडले. पुढे तो डोंगर चढून हुम्लाला गेला, एकेका मुलाचे घर शोधले आणि मुलांना कुटुंबांशी जोडण्यासाठी संस्था उभी केली. तो गेला होता माझ्यासारखाच, पण आई दिसल्यावर त्याने बस पकडली नाही.

हे दोन देशांपुरतेच नाही. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेने २००९ साली सांगितले की, जगभरातील अशा निवासी संस्थांतील दर पाच मुलांपैकी निदान चौघांचे आई किंवा वडील हयात असतात. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरील ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवेच्या धोक्याचा उल्लेख केला आणि मुलांना कुटुंबात ठेवण्यावर भर दिला.

मिठीचा अर्थ

कोणी म्हणेल, "फादर, संस्था वाईट असेल, पण आपण दिलेले प्रेम तर खोटे नाही ना?" हाच प्रश्न मी अनेक वर्षे स्वतःला विचारला.

जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. लहान मुलाला अन्नाइतकीच एका ठरावीक माणसाच्या सततच्या मायेची गरज असते, असे त्याने मांडले. रोमानियात १९८९ साली चाउशेस्कूची सत्ता कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुले सरकारी बालगृहांत आढळली. तिथे बुखारेस्ट शहरात २००० सालापासून संशोधकांनी १३६ लहान मुलांचा अभ्यास केला. काही मुलांना पालक-कुटुंबांत ठेवले, काही संस्थांमध्येच राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणे, भावनिक वाढ, सारे सुधारले. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले ती मुले अधिक सावरली. छप्पर तर दोघांच्याही डोक्यावर होते, जेवणही मिळत होते. फरक एका माणसाचा होता, जो रोज तोच असतो.

अशा संस्थांत वाढलेली काही मुले अनोळखी माणसालाही पहिल्या भेटीत बिलगतात. आपल्याला ते प्रेम वाटते. तज्ज्ञ त्याला जखमेची खूण मानतात. तुमच्या-माझ्या घरातले तीन वर्षांचे मूल परका माणूस आला की आईच्या पदराआड लपते, कारण त्याला पदर आहे. ज्याला तो नाही ते येईल त्याच्या गळ्यात पडते. मग तो माणूस तीन आठवड्यांनी जातो. पुढच्या महिन्यात दुसरा येतो, तोही जातो. माझा तो मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता, कारण तो हे सोडून जाणे अनेकदा भोगून चुकला होता. मी त्याला प्रेम दिले हे खरे. पण जाताना काय दिले, याचाही हिशेब मला द्यावा लागेल.

चांगला हेतू पुरेसा आहे का?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांची व्याख्या शिकवली होती. प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. व्याख्या लहान आहे, पण तिच्यात 'दुसऱ्याचे' हा शब्द आहे. मला बरे वाटणे ही प्रेमाची कसोटी नाही. दुसऱ्याचे भले कशात आहे हे शोधून काढावे लागते, आणि त्यासाठी विवेक लागतो. म्हणूनच ख्रिस्तसभा विवेकाला इतर सद्गुणांचा सारथी मानते.

या प्रश्नावर एका धर्मगुरूंनी फार पूर्वी कडक शब्दांत बोलून ठेवले आहे. इव्हान इलिच मूळचे व्हिएन्नाचे, न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोच्या स्थलांतरितांत काम केलेले. मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे २० एप्रिल १९६८ रोजी त्यांच्यासमोर उत्तर अमेरिकेतील विद्यार्थी बसले होते. सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत जाऊन सेवा करणाऱ्या एका उपक्रमाची ती मुले. इलिच यांनी त्यांची स्तुती केली नाही. तुमचा हेतू चांगला असेल, पण तुम्हाला इथली भाषा येत नाही, इथले लोक तुमच्याविषयी काय म्हणतात तेही तुम्हाला कळत नाही. पाहायला या, शिकायला या, उपकार करायला येऊ नका, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्यांचे सगळेच म्हणणे मला पटत नाही. पण अनाथालयाचे तिकीट काढण्याआधी प्रत्येक तरुणाने ते ऐकावे असे मात्र वाटते.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २५ डिसेंबर २००५ रोजी सही केलेल्या 'देउस कारितास एस्त' या परिपत्रकात हाच तोल सांभाळला आहे. सेवा करणाऱ्याला आधी त्या कामाचे नीट शिक्षण हवे, आणि त्याच्या जोडीला घडलेले हृदय हवे. नुसत्या हृदयावर भागत नाही. इथे शिकवण्याचा अनुभव नसलेल्या माणसाला आपण आपल्या मुलांच्या शाळेत तीन आठवड्यांसाठी शिक्षक नेमू का? मग कंबोडियातील मुलांनी तो का चालवून घ्यावा?

मग जाऊच नये का?

असे मी म्हणत नाही. ज्या १९६८ साली इलिच बोलले, त्याच साली आपल्या महाराष्ट्रातून एका परदेशी धर्मगुरूंना देश सोडायला सांगितले गेले. फादर व्हिसेंट फेरर, स्पेनचे जेजुइट. १९५२ साली भारतात आले, नाशिक जिल्ह्यातील मनमाडजवळ शेतकऱ्यांबरोबर राहिले. लोकांनी स्वतःच्या जमिनीत विहिरी खणाव्यात यासाठी त्यांनी धान्याची आणि तेलाची मदत उभी केली. त्यांना जावे लागले तेव्हा हजारो शेतकरी त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले. ते १९६९ साली परत आले, आंध्रातील अनंतपूरला गेले, पुढे जेजुइट संघातून बाहेर पडले, पण २००९ साली मरेपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या संस्थेला परदेशातील कुटुंबे मुलांच्या नावाने पैसे पाठवतात. पण मूल आपल्या आईजवळच राहते. पैसा गावाच्या शाळेला, पाण्याला, दवाखान्याला जातो.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला या दृष्टीने पुन्हा वाचा. त्याने जखमांवर जे हवे तेच ओतले. माणसाला उतारशाळेत नेले, तिथल्या माणसाच्या स्वाधीन केले, दोन दीनार दिले आणि परत येऊन उरलेला खर्च देण्याचे वचन दिले. त्याने कामापुरते केले, स्थानिक माणसावर विश्वास ठेवला आणि तो परत येणार होता.

म्हणून परदेशी सेवेला निघालेल्या प्रत्येकाने आधी लेखी उत्तरे मागावीत:

१. या मुलांपैकी किती जणांचे आईवडील किंवा नातेवाईक हयात आहेत? त्यांना घरी पाठवण्यासाठी संस्था काय करते?
२. माझी पोलीस पडताळणी तुम्ही मागता का? (जी संस्था माझी मागत नाही ती इतर कोणाचीही मागत नसेल. मुलांशी वाईट वागणाऱ्या माणसांना हे दार उघडे मिळते.)
३. मी करणार ते काम तिथला स्थानिक माणूस पगार घेऊन करू शकला असता का?
४. मी दिलेल्या शुल्कातील किती पैसा मुलांच्या कुटुंबांपर्यंत जातो?
५. मी गेल्यावर हे काम कोण पुढे नेणार?

परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, विशेष मुलांचे शिक्षक अशी कौशल्ये असलेल्यांनी निदान सहा महिने-वर्षभर जावे, भाषा शिकावी आणि मुलांपेक्षा तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवावे. कौशल्य आपण निघून आलो तरी तिथे राहते.

काही मुलांना खरोखरच कोणी नसते, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या धर्मभगिनींपुढे मी नतमस्तक आहे. पण त्या तिथे वीस-वीस वर्षे राहतात, मुलाला रोज तोच चेहरा दिसतो. त्यांनाच विचारा, मुलाला घरी परत पाठवता आले तर त्यांना किती आनंद होतो ते.

आपल्या दारी

परदेशाविषयी बोलून थांबलो तर ते ढोंग होईल. दर नाताळात आपला युवा गट केक आणि खेळणी घेऊन एका बालगृहात जातो. दोन तास गाणी, मग फोटो, मग परत. ही प्रथा मीच वाढवली. या वर्षी मी पॅरिश कौन्सिलपुढे वेगळा प्रस्ताव ठेवणार आहे. तो पैसा आपल्या परिसरातील अशा घरांना द्यावा, जिथे आई एकटी आहे आणि फी भरता येत नाही म्हणून मुलाला वसतिगृहात टाकण्याचा विचार करते आहे. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. मूल संस्थेत न जाता कुटुंबातच वाढावे यासाठी ती दरमहा मदत देते. २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. पण अर्ज कसा करायचा, कागद कोणते लागतात, हे त्या आईला कोण सांगणार? आपले शिकलेले तरुण सांगू शकतात. त्यात फोटो काढण्यासारखे काही नाही, तहसील कचेरीच्या रांगेत उभे राहावे लागेल.

नाईन गावच्या विधवेच्या मुलाला येशूने उठवले, तेव्हा पुढे काय केले ते संत लूक नेमके सांगतात. येशूने त्याला आपला शिष्य करून बरोबर नेले नाही. त्याला त्याच्या आईच्या हाती दिले.

आपली ती मुलगी दोन दिवसांनी परत आली. आम्ही दोघांनी वरचे पाच प्रश्न संस्थेला पाठवले. उत्तर आले. त्यात शुल्क भरण्याची तारीख आणि टी-शर्टच्या मापाची चौकशी होती, एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. तिने पुन्हा विचारले आहे. शिफारसपत्राचा कागद अजून माझ्या टेबलावर कोराच आहे, त्याच काचेवर, जिच्याखाली पूर्वी तो फोटो असायचा. तिने काय ठरवावे ते तिच्यावर सोपवले आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा. आणि त्या मुलासाठीही करा. आता तो पंचविशीचा तरुण असेल. देव करो आणि त्याला हुम्लाची वाट सापडलेली असो.

लघु ख्रिस्ती समूहांत चर्चेसाठी

१. निर्गम २:१-१० वाचा. फारोच्या मुलीने बाळ राजवाड्यात नेले असते तर काय गमावले असते?
२. आपण केलेल्या एखाद्या मदतीने आपल्यालाच अधिक समाधान मिळाले, असे कधी घडले आहे का?
३. आपल्या समूहात अशी कोणती आई आहे, जिला थोडा आधार मिळाला तर मूल तिच्याजवळ राहील? नावाची वाच्यता न करता समूहप्रमुखांना कळवावे.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू